रुसलेला नट

मुलांनो, ‘नट’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पडद्यावरचा एखादा हिरो उभा राहत असेल. आपल्या ‘हत्यारपेटी’तला आजचा नट मात्र सहा कोनांचा, लोखंडी आणि पोटात भोक असलेला आहे. पण नखऱ्यांच्या बाबतीत तो पडद्यावरच्या नटाला मुळीच हार जाणार नाही, बरं का! एकदा रुसून बसला, की ओढा, ढकला, ठोका, स्वारी जागची हलायचं नाव घेत नाही.

समुद्राजवळच्या एका गावातून एका दोस्ताचं पत्र आलंय. त्याच्या आजोबांची प्रीमियर पद्मिनी बरीच वर्षं पडवीत उभी आहे. सुट्टीत ती पुन्हा चालू करायची, असं त्याने आणि बाबांनी ठरवलं. सायलेन्सरचा पाइप इंजिनाला जिथे जोडलेला असतो, तिथले नट खोलायला दोघं बसले. पहिला नट निघाला. दुसऱ्याचे कोपरे झिजून तो गोल गरगरीत झाला. तिसऱ्याला बाबांनी पान्यावर लांब पाइप चढवून जोर लावला, तेव्हा ‘कट्’ असा आवाज आला आणि नट बोल्टासकट हातात आला! आता बाबा म्हणतात, जाऊ दे, भंगारवाल्याला बोलावू. ‘काही उपाय आहे का?’ असं या दोस्ताने विचारलंय.

आहे की! आणि भंगारवाल्याला इतक्यात बोलवायचं काहीच कारण नाही. पण ही गोष्ट किती नाजूक आहे ते आधी समजून घ्या. पद्मिनी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. मूळची इटलीची फियाट ११००, इथे तिला १९७४ च्या सुमारास पद्मिनी हे नाव मिळालं. २००० च्या सुमारास ती बनायची थांबली. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तिची मोठी बहीण म्हणावी अशी ॲम्बॅसॅडरही २०१४ पासून बनत नाही. म्हणजे अशा गाडीचा एखादा मोठा भाग आपल्या हातून मोडला, तर दुकानात जाऊन ‘नवा द्या’ म्हणायची सोय राहिलेली नाही. नट मिळतो पाच-दहा रुपयांना, पण तो ज्याच्यावर बसलाय ते इंजिन कुठून आणणार? जाम झालेला नट काढताना ही गोष्ट सतत डोक्यात ठेवायची. नट गेला तरी चालेल, त्याच्या आतला आटे पाडलेला दांडा आणि तो जिथे रुतलाय ते धातूचं घर वाचलं पाहिजे.

आता एक गंमत करा. काटकोन त्रिकोणाच्या आकाराचा कागद कापा. त्याची उभी बाजू पेन्सिलीला चिकटवून कागद पेन्सिलीभोवती गुंडाळत जा. तिरकी कड पेन्सिलीवर जिन्यासारखी गोल गोल चढत गेलेली दिसेल. बोल्टचे आटे म्हणजे हेच! पेन्सिलीभोवती गुंडाळलेला एक घाट. नट हा घाट चढतो आणि उतरतो. १० मिलिमीटर जाडीच्या नेहमीच्या बोल्टवर नट एक पूर्ण फेरी फिरला, तर तो फक्त दीड मिलिमीटर पुढे सरकतो. तुमचा पाना ३० सेंटिमीटर लांब असेल, तर त्याच एका फेरीत तुमचा हात जवळजवळ १८८ सेंटिमीटर फिरलेला असतो. हाताचा प्रवास एवढा मोठा, नटाचा एवढासा. म्हणून कागदावरच्या हिशेबाने हाताचा जोर साडेबाराशे पट होतो! त्यातला मोठा वाटा घर्षण खाऊन टाकतं हे खरं, तरीही उरतो तो काही कमी नाही. चांगल्या पोलादाचा १० मिलिमीटरचा बोल्ट नीट आवळला, की तो दोन भागांना दोन-अडीच टनांच्या जोराने एकमेकांशी दाबून धरतो. एवढासा बोल्ट, आणि त्याच्यात चार म्हशींचं वजन पेलण्याइतका जोर!

हा झाला निरोगी नट. तो जाम का होतो? कारण नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमध्ये एक बारीकशी फट असतेच. ती नसती तर नट फिरलाच नसता. त्या फटीतून पावसाचं पाणी आणि हवा आत शिरते. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज तयार होणार, हे तुम्ही विज्ञानात शिकलात. पण पुस्तकात एक गोष्ट बहुधा नुसती ओझरती येते. जितकं लोखंड गंजतं, त्याच्या दुप्पट आणि कधी त्याहूनही जास्त जागा त्याचा गंज अडवतो. आता त्या बारीक फटीत गंज फुगू लागला तर जाईल कुठे? भिजलेली डाळ तोंड बंद बाटलीत फुगावी तसा तो आतल्या आत घट्ट दाटून बसतो. नटाला जणू कोणी आतून पाचर मारली! समुद्राकाठी हवेत मीठ असतं, आणि खारट पाण्यात गंज भराभर चढतो. सायलेन्सरच्या नटांना तर इंजिनाची धगही सोसावी लागते. तापायचं, निवायचं, भिजायचं आणि पुन्हा तापायचं. म्हणून पत्रातल्या दोस्ताला नेमके तेच नट नडले, यात नवल नाही.

आता बाबांनी पाइप लावला तेव्हा काय झालं, त्याचा हिशेब मांडू. ३० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला मोठ्या माणसाने १५ किलोचा जोर लावला, तर पीळ पडतो साधारण साडेचार किलोग्रॅम-मीटर. दहाच्या बोल्टला आवळायला एवढा पीळ पुरतो. पान्यावर पाइप चढवून हात एक मीटर लांब नेला, तर त्याच १५ किलोचा पीळ होतो १५ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे तिपटीहून जास्त. माणसाला वाटतं मी तर नेहमीइतकाच जोर लावतोय! पण बोल्ट केव्हाच ‘मेलो’ म्हणालेला असतो. आर्किमिडीजने तरफेचं कौतुक केलं ते ठीक, पण गंजलेल्या नटाला तरफ दाखवायची ती शेवटी. आधी त्याला मऊ करायचं.

कामाला लागण्यापूर्वी तीन-चार गोष्टी पक्क्या करा, आणि आई-बाबांनो, हा भाग तुम्हीही वाचा. हे काम मुलांनी एकट्याने करायचं नाही. मोठं माणूस शेजारी हवंच, नुसतं घरात असून चालणार नाही. डोळ्यांवर चष्मा हवा. साधा नव्हे, कामाचा. गंजाचे कपचे डोळ्यांकडेच उडतात, का ते देव जाणे. गाडी नुसत्या जॅकवर उचललेली असताना तिच्याखाली कोणीही जायचं नाही. क्षणभरही नाही, डोकंसुद्धा घालायचं नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, पेलण्यासाठी नाही. गाडी लोखंडी घोड्यांवर नीट टेकवली, चाकांना ठोकळे लावले, मगच तिच्याखाली हात. जाम नटावर जोर लावताना गाडी हलतेच, म्हणून हे फार महत्त्वाचं. आणि जुन्या गाडीच्या ब्रेकमधली किंवा जुन्या गॅस्केटवरची धूळ फुंकर मारून उडवू नका. त्या काळी या वस्तूंत ॲस्बेस्टॉस वापरत, आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली तर ती आयुष्यभर त्रास देऊ शकते. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाकून द्या.

चला, आता नटाची समजूत काढू या.

पहिलं काम मुलांचं. तारेच्या ब्रशने नट आणि बोल्टचं बाहेर आलेलं टोक घासून काढायचं. नट काढताना त्याला या बाहेरच्या आट्यांवरूनच यावं लागणार. त्या वाटेवर गंजाचे दगडधोंडे पडले असतील तर मोकळा झालेला नटही अर्ध्या वाटेत पुन्हा अडकतो. आट्यांच्या खोबणीत ब्रश पोचेना, तर जुन्या करवतीच्या पात्याच्या टोकाने खरवडा. दहा मिनिटं द्या या कामाला. बरेच मेकॅनिक हे टाळतात आणि मग पस्तावतात.

मग तेल. स्वयंपाकघरातलं नको, ते जाड असतं आणि काही दिवसांनी चिकट होऊन बसतं. पूर्वी प्रत्येक गॅरेजात एका डब्यात रॉकेल आणि त्यात बुडलेले नट-बोल्ट दिसायचे. आता रॉकेल सहज मिळत नाही. पण गंजलेले आटे मोकळे करण्यासाठी मुद्दाम बनवलेलं पातळ तेल हार्डवेअरच्या दुकानात फवाऱ्याच्या डब्यात मिळतं. निळ्या-पिवळ्या डब्यातलं डब्ल्यूडी-४० तुम्ही पाहिलं असेल. त्याचं मूळ काम वेगळंच होतं, माहीत आहे? १९५३ मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहरात एक छोटी कंपनी ॲटलास क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंजापासून वाचवणारं द्रव्य शोधत होती. पाणी हटवणारं द्रव्य हवं होतं. चाळिसाव्या प्रयत्नात ते जमलं, म्हणून नावात ४०. म्हणजे एकोणचाळीस वेळा जमलं नव्हतं! किरकोळ जाम नटाला ते चालतं. पण वर्षानुवर्षं रुसलेल्या नटासाठी खास आटे सोडवणारं तेल जास्त बरं, असं माझं मत.

तेल आत जातं कसं? वरून ओतलं म्हणून नाही. समईची वात आठवा. तेल वातीतून वर चढतं, कोणी ढकलत नाही तरी. खडूचं टोक शाईत बुडवलं तर शाई खडूत वर वर जाते. याला केशाकर्षण म्हणतात. फट जितकी बारीक, तितका द्रव तिच्यात जास्त खेचला जातो. म्हणून गाडी आडवी-उभी कशीही असो, नट खालच्या अंगाला असला तरी तेल आट्यांत वर चढतं. फक्त एकच अट, त्याला वेळ द्यायला हवा. तेल मारलं आणि लगेच पाना लावला, तर ते तेल नटाच्या डोक्यावरून ओघळून जमिनीला मिळालं एवढंच. संध्याकाळी तेल मारा, सकाळी पुन्हा मारा, त्या संध्याकाळी पुन्हा. दोन-तीन दिवस हा रतीब चालू ठेवा. शाळेत जाता-येता दोन थेंब. पत्रातल्या दोस्ताला मी हेच सांगेन. जी गाडी इतकी वर्षं उभी आहे, ती आणखी तीन दिवस उभी राहिली तर काय बिघडलं? पण एक लक्षात ठेवा, ब्रेकच्या पट्ट्यांवर आणि ड्रमवर हे तेल उडता कामा नये. तेलकट ब्रेक लागत नाहीत!

तेल जिरत असताना मधून मधून नटाला टपल्या मारायच्या. टपल्या म्हणजे टपल्याच, घण नव्हे. नटाच्या एका सपाट बाजूला एक हातोडी टेकवून धरा आणि समोरच्या बाजूवर दुसऱ्या हातोडीने ठक ठक करा. आळीपाळीने सगळ्या बाजूंवर. या हादऱ्यांनी आत दाटलेला गंज ठिसूळ होऊन तडकतो, आणि त्या तड्यांतून तेल आणखी आत शिरतं. बोल्टच्या टोकावर सरळ घाव मात्र घालू नका. टोक चेपलं, की आट्यांचं तोंडच बंद झालं.

आता पाना. इथे आपल्याकडे एक मोठा घोटाळा होतो. पद्मिनी इटलीच्या घराण्याची, तिचे पाने मिलिमीटरचे. ॲम्बॅसॅडर ही इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची लेक, तिचे जुने नट इंचाचे. अर्ध्या इंचाचा नट म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्याला १३ चा पाना ‘जवळजवळ’ बसतो. या जवळजवळनेच नटांचे जीव घेतलेत! पॉइंट तीन मिलिमीटरचा ढिलेपणा म्हणजे पाना नटाच्या बाजूंवर न टेकता फक्त कोपऱ्यांवर टेकतो, आणि कोपरे सोलले जातात. म्हणून पाना अचूक मापाचा घ्या. दोन बोटांचा उघडा पाना नको, तो दोनच बाजू धरतो. रिंग पाना किंवा गोटी घ्या. त्यातही आतून बारा कोन असलेल्यापेक्षा सहा कोनांची गोटी गंजक्या नटाला चांगली, कारण ती नटाला सहाही बाजूंनी मिठी मारते.

(जाता जाता सांगतो, पूर्वी हा घोटाळा याहून भयंकर होता. प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. एका ठिकाणचा नट दुसऱ्या ठिकाणच्या बोल्टला बसेना. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने ‘सगळ्यांनी आट्यांचा एकच कोन आणि ठरलेली मापं वापरू या’ असं सुचवलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.)

पाना बसला. आता फिरवायचा कुठल्या दिशेने? हसू नका. नटासमोर तोंड करून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने नट आवळतो, उलट दिशेने सुटतो. पण गाडीखाली पाठीवर झोपल्यावर, नट पलीकडे तोंड करून बसलेला असताना भल्याभल्यांची दिशा चुकते, आणि तासभर ते नट आवळत बसतात! म्हणून हाताशी एक सुटा नट-बोल्ट ठेवा, गाडीतल्या नटासारखाच धरा आणि फिरवून खात्री करा. काही नट तर मुळातच उलट्या आट्यांचे असतात. तुमच्या सायकलच्या डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, पाहिलंत कधी? जुन्या विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नटही उलटे.

आता गंमत ऐका. सोडवायच्या आधी नट किंचित आवळायचा प्रयत्न करा. हो, आवळायचा! अगदी केसभर. कुठल्याही दिशेने का होईना, गंजाची पकड एकदा तुटणं महत्त्वाचं. ‘टिक्’ असा बारीक आवाज आला, की समजा रुसवा निघाला. मग सोडवायच्या दिशेने हळू दाब वाढवा. पाना शक्यतो स्वतःकडे ओढा. ढकलायचाच झाला तर उघड्या तळव्याने ढकला, म्हणजे नट अचानक सुटला तरी बोटांची सालटी जाणार नाहीत. नट पाव फेरी फिरला की लगेच पुढे पळू नका. अर्धा परत मागे घ्या, दोन थेंब तेल द्या, पुन्हा पुढे. घट्ट लागला की मागे, सैल झाला की पुढे. सुटलेला गंजाचा चुरा या मागे-पुढे करण्याने बाहेर पडतो. एका दिशेने दामटत राहिलात तर तोच चुरा आट्यांत अडकून सुटलेला नट पुन्हा जाम करतो, आणि मग पत्रातला तो ‘कट्’ आवाज ऐकू येतो. पाना ओढल्यावर नट फिरतोय पण हाताला मऊ, रबरासारखं लागतंय, असं वाटलं तर ताबडतोब थांबा. नट सुटत नसतो, आतला बोल्ट पिळवटत असतो.

तीन दिवसांच्या तेलानेही काम झालं नाही तर? मग उष्णता. एक कोडं घालतो. लोखंडी कडं तापवलं तर त्याच्या मधलं भोक लहान होईल की मोठं? पुष्कळ जण म्हणतात लहान, कारण लोखंड प्रसरण पावून आत येईल. चूक! भोकही मोठं होतं. गावाकडे लोहार बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवतो, तेव्हा हेच करतो. धाव चाकापेक्षा जराशी लहानच ठेवतो, जाळात लाल करतो, मोठी झाली की चाकावर बसवतो आणि वर पाणी ओततो. गार होताना धाव चाकाला अशी आवळते की पुन्हा निघायची नाही. आईचे स्टीलचे पेले एकात एक अडकले, तर ती आतल्या पेल्यात गार पाणी भरून बाहेरचा गरम पाण्यात धरते. दोन्हीकडे विज्ञान एकच.

नटाचंही तसंच. बाहेरचा नट तापवला आणि आतला बोल्ट त्यामानाने थंड राहिला, तर नटाचं भोक किंचित मोठं होतं. किती मोठं? पोलादाचा एक मीटर लांबीचा तुकडा एक अंश सेल्सिअसने तापला तर मिलिमीटरच्या सुमारे बारा हजारांश भागाने वाढतो. १२ मिलिमीटरचं भोक ३०० अंशांनी तापवलं तर हिशेब येतो सुमारे ०.०४ मिलिमीटर. डोक्यावरच्या बारीक केसाएवढीसुद्धा नाही ही वाढ! पण फटीत दाटलेल्या गंजाची पकड मोडायला तेवढी पुरते.

आता नीट ऐका. घरी मुलांनी उष्णता द्यायची ती फक्त उकळत्या पाण्याची, तीही मोठ्यांच्या हातून. किटलीने नटावर हळूहळू पाणी सोडायचं. ज्योतीचं काम गॅरेजवाल्याचं. जुन्या गाडीत पेट्रोलची नळी, पंप, टाकी, ब्रेकच्या रबरी नळ्या, तेलकट चिखल सगळं जवळजवळ असतं, आणि आपणच तीन दिवस तिथे ज्वालाग्राही तेल मारलेलं असतं! म्हणून ज्योत लावण्यापूर्वी मेकॅनिक ते तेल स्वच्छ पुसून काढतो, आग विझवायचं साधन शेजारी ठेवतो आणि पेट्रोलजवळच्या नटाला ज्योत लावतच नाही. त्याची एक सुंदर युक्ती मात्र लांब उभं राहून जरूर पाहा. तापलेला नट थोडा निवू लागला की तो त्याला साधी मेणबत्ती टेकवतो. मेण वितळून आट्यांत खेचलं जातं आणि वंगणाचं काम करतं. गॅरेजात वाढदिवस कोणाचा, असं विचारू नका म्हणजे झालं.

आता आपल्या दोस्ताचा तो गोल झालेला दुसरा नट. कोपरे थोडेच झिजले असतील तर कानशीने घासून समोरासमोरच्या दोन बाजू पुन्हा सपाट करायच्या आणि एक माप लहान पाना हातोडीने हलकेच ठोकून बसवायचा. तेही जमेना, तर नटाचा बळी द्यायचा. आतल्या दांड्याला समांतर असा करवतीने किंवा छिन्नीने नट एका बाजूने चिरायचा. चीर आट्यांपर्यंत पोचायच्या जरा आधी थांबायचं आणि छिन्नीने फट रुंद करायची. नटाची मिठी सुटते, दांडा वाचतो. बाजारात नट फोडण्याचं छोटं हत्यारही मिळतं. ते हे काम आवाज न करता करतं.

आणि तुटलेला तिसरा? थोडा तुकडा बाहेर राहिला असेल तर नशीब. तेल आणि टपल्या चालू ठेवून तो पक्कडीने फिरवून पाहायचा. आटे असलेलं टोक पुरेसं लांब असेल, तर त्याच्यावर दोन नवे नट चढवून ते एकमेकांवर घट्ट आवळायचे. आता ते दोघे मिळून जणू एकच डोकं झाले! आतल्या बाजूच्या नटाला पाना लावून फिरवलं की दांडाच बाहेर यायला लागतो. ही दोन नटांची युक्ती मला फार आवडते, कारण तिला काहीच खर्च नाही. पण दांडा आत, पृष्ठभागाशी सपाट तुटला असेल तर घरी हात लावू नका. त्याच्या बरोबर मधोमध भोक पाडून तो काढावा लागतो, आणि ते भोक जरा बाजूला गेलं तर घराचे आटे जातात. लेथवाल्याकडे जा. त्याचे पैसे भंगारवाल्याने दिलेल्या भावाशी ताडून बघा आणि मग बाबांशी बोला.

सगळे नट निघाले की लगेच नवे चढवायची घाई करू नका. दांड्यांचे आटे ब्रशने स्वच्छ करा, नवा नट बोटांनी शेवटपर्यंत फिरतो का पाहा. बोटांनी फिरत नसेल तर पान्यानेही फिरवायचा नाही. सायलेन्सरसारख्या तापणाऱ्या जागी तांब्याची पूड असलेलं ग्रीस लावतात, ते धगीतही टिकतं. अशा जागी पितळी नट वापरायची जुनी पद्धत आहे, कारण पितळ लोखंडासारखं गंजून दांड्याला चिकटत नाही. चाकाच्या नटांना मात्र ग्रीस फासू नका. घर्षण कमी झालं की तेवढ्याच जोरात ते प्रमाणाबाहेर आवळले जातात. आणि चाक काढायचं असेल तेव्हा नट अर्धी फेरी सैल करायचे ते गाडी जमिनीवर असतानाच, जॅक लावण्यापूर्वी. हवेत गेल्यावर नटाऐवजी चाकच फिरतं!

ज्यांच्या घरी जुनी गाडी नाही त्यांनी हिरमुसायचं कारण नाही. हार्डवेअरच्या दुकानातून साधे, चकाकी नसलेले तीन नट-बोल्ट आणा. एक तसाच ठेवा, दुसऱ्याच्या आट्यांना ग्रीस लावा, तिसऱ्याला मेणबत्ती घासा. तिन्ही सारखेच आवळून मीठ घातलेल्या पाण्याने रोज भिजवा आणि गच्चीत किंवा खिडकीत महिनाभर ठेवा. मग आई-बाबांना शेजारी बसवून एकेक खोला. कोणता सहज सुटला, कोणता कुरकुरला, कोणाला तेल पाजावं लागलं आणि किती दिवस, ते वहीत तारखांसह लिहून ठेवा आणि ‘हत्यारपेटी’कडे पाठवून द्या. सोबत नट पाठवू नका, पोस्टमनकाकांची पिशवी फाटते!